आग विझली आणि जहाज आडवं झालं: 'नॉर्मंडी', धक्का क्रमांक 88, फेब्रुवारी 1942

9 फेब्रुवारी 1942. न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीच्या धक्का क्रमांक 88 ला लागलेल्या 'नॉर्मंडी' या फ्रान्समध्ये बांधलेल्या प्रचंड प्रवासी जहाजावर दुपारी अडीचला आग लागली. संध्याकाळी साडेसहापर्यंत ती आटोक्यात आली आणि रात्री आठपर्यंत बंबवाल्यांनी काम आवरतं घेतलं. तोवर वरचे तीन मजले जळाले होते. पण जहाजाचं कवच, बॉयलर, टर्बाइन आणि विजेच्या मोटारी आगीच्या खालच्या बाजूला होत्या. जहाज तरंगत होतं आणि दुरुस्त होण्यासारखं होतं. साडेसहा-पावणेसात तासांनी, पहाटे 2.45 वाजता, ते धक्क्यापासून उलट्या दिशेला, डाव्या कुशीवर कोसळलं आणि सुमारे 80 अंशांच्या कोनात गाळात रुतलं. ते पुन्हा कधीच चाललं नाही.

हे प्रकरण बहुतेक ठिकाणी आगीच्या सदरात मांडलं जातं. ठिणगी, निष्काळजीपणा, न बसणाऱ्या नळ्या हे सगळं खरं आहे आणि पुढे येईलच. पण जहाज गमावलं ते रात्री आठ ते पहाटे पावणेतीन या वेळात. आग कुणी विझवायची हे त्या दिवशी उशिरा का होईना, ठरलं होतं. जहाज सरळ कुणी ठेवायचं हे मात्र ठरलं नव्हतं. आमचा भर त्यावर आहे.

जहाज

फ्रान्समध्ये सें-नाझेरच्या पेनोए गोदीत जानेवारी 1931 मध्ये कील (तळाचा कणा) ठेवली गेली, ऑक्टोबर 1932 मध्ये जहाज पाण्यात उतरलं आणि 29 मे 1935 रोजी ल आव्र ते न्यूयॉर्क या पहिल्या सफरीला निघालं. त्याच सफरीत त्याने अटलांटिक सर्वांत वेगाने ओलांडण्याचा मान मिळवला. लांबी सुमारे 313 मीटर, रुंदी जवळपास 36 मीटर. मुख्य बॉयलर 29. त्यांची वाफ टर्बाइन फिरवायची, टर्बाइन वीज तयार करायच्या आणि ती वीज चार मोटारींना जायची. प्रत्येक मोटार 40,000 अश्वशक्तीची, म्हणजे एकूण 1,60,000. प्रवासी 1,972, कर्मचारी 1,345. आराखडा व्लादिमीर युर्केविच यांचा. हे रशियातून आलेले नौकाशिल्पी होते, आणि प्रकरणाच्या शेवटी धक्क्यावर तेच उभे असलेले दिसतील.

आराखड्यातली एक गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. बहुतेक जहाजांत बॉयलरचा धूर वर नेणारे मार्ग मजल्यांच्या मधोमध जातात, त्यामुळे मोठी दालनं आपोआप तुटक होतात. 'नॉर्मंडी'त हे मार्ग दोन्ही कडांनी विभागून नेले आणि वर पुन्हा एकत्र आणले. त्यामुळे मधली जागा सलग मोकळी मिळाली. भोजनदालन व्हर्सायच्या आरसेमहालापेक्षाही लांब होतं. ग्रँड सलून आणि त्याला लागून असलेली दालनं एकमेकांत उघडत. प्रवाशाच्या डोळ्यांना हे सुख होतं. मात्र आडव्या-उभ्या भिंती नसलेली रुंद जमीन आगीला मोकळं रान देते, आणि त्याच जमिनीवर पाणी साचलं की तेही या कडेपासून त्या कडेपर्यंत मोकळं धावतं.

आगीची भीती फ्रेंच जहाज कंपन्यांना नवी नव्हती. 1932 मध्ये 'जॉर्ज फिलिपार' एडनच्या आखातात जळालं, जानेवारी 1933 मध्ये 'लाटलांटिक' जळालं. म्हणूनच 'नॉर्मंडी'वर आगीवर पाळत ठेवणारं मध्यवर्ती केंद्र होतं, जागोजागी इशारायंत्रणा होती, तरबेज पहारेकरी होते. एप्रिल 1939 मध्ये 'नॉर्मंडी'च्याच कंपनीच्या 'पॅरिस' जहाजाला ल आव्र बंदरात धक्क्यावरच आग लागली आणि विझवणाऱ्यांच्या पाण्यानेच ते कलंडलं. ते नेमकं अशा जागी पडलं की कोरड्या गोदीत असलेल्या 'नॉर्मंडी'ची बाहेर पडायची वाट अडली. 'पॅरिस'च्या डोलकाठ्या कापल्या, तेव्हा कुठे 'नॉर्मंडी' बाहेर आली. म्हणजे तीन वर्षांनी आपल्यावर काय ओढवणार आहे याचा नमुना हे जहाज शेजारी बघून आलं होतं.

दीड महिन्यात सैन्यवाहू जहाज

युद्धाची चाहूल लागताच 'नॉर्मंडी' ऑगस्ट 1939 मध्ये न्यूयॉर्कला थांबली ती थांबलीच. फ्रान्स पडल्यावर तिच्यावर मोजके फ्रेंच कर्मचारी राहिले. मे 1941 पासून अमेरिकी तटरक्षक दलाचा पहारा होता. पर्ल हार्बरनंतर 12 डिसेंबर 1941 रोजी अमेरिकेने जहाज ताब्यात घेतलं आणि फ्रेंच माणसांना उतरवलं. त्यांच्याबरोबर आग-यंत्रणा कशी चालते, कोणता व्हॉल्व्ह कुठे आहे, कोणत्या टाकीत किती पाणी आहे हे ज्ञानही उतरलं. एवढ्या किचकट जहाजाचा ताबा घेताना जुन्या माणसांपैकी काही जण काही काळ सोबत ठेवायला हवेत. इथे तसं झालं नाही.

नाव बदलून 'लाफायेत' झालं, नौदलाचा क्रमांक एपी-53. काम एका खासगी दुरुस्ती गोदीकडे गेलं. हजारो सैनिक नेता येतील असं सैन्यवाहू जहाज करायचं होतं, तेही कोरड्या गोदीत न नेता, धक्क्यालाच उभं ठेवून. पहिली मुदत जानेवारीअखेरची होती, ती 14 फेब्रुवारीवर गेली. नेमलेले कप्तान रॉबर्ट कोमन यांच्या हाताशी इंजिन विभागाची जेमतेम साडेचारशे माणसं होती, आणि त्यांना जहाज अनोळखी होतं.

स्थिरतेचा प्रश्न आगीच्या आधीच वर आला होता. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात प्रस्ताव गेला की वरचे काही मजले कापून माथ्यावरचं वजन कमी करावं. त्याला दोन-तीन महिने लागले असते. दोनच दिवसांत उलटा हुकूम आला: मजले कापायचे नाहीत, 14 तारखेलाच निघायचं. मुदत वाढवून मागण्यासाठीच्या बैठका 9 फेब्रुवारीला व्हायच्या होत्या.

ठिणगी ते अंधार

ग्रँड सलूनमध्ये दिव्यांच्या कारंज्यांसाठी उभे केलेले चार पोलादी खांब गॅस कटरने कापायचं काम चालू होतं. त्याच दालनात जीवरक्षक जाकिटांचे अकराशेच्या वर गठ्ठे रचले होते, वर गोणपाटाचं वेष्टन. जाकिटांत कपोक भरलेला होता. आपल्याकडे उशीत भरतात त्या सावरीच्या कापसाचाच हा भाऊबंद. पाण्यावर हलका, आणि ठिणगी पडली तर ज्योत वरच्यावर सरसर पळते. खांबाभोवती ॲस्बेस्टॉसचा पत्रा धरायचा आणि जवळ बादली ठेवायची, एवढाच बंदोबस्त होता. शेवटचा खांब कापताना ठिणगी गठ्ठ्यांवर गेली.

कापण्याच्या कामाला किमान काय लागतं ते सांगायला हवं, कारण त्यातलं जवळपास सगळं इथे चुकलं. जळणारा माल कामाच्या जागेपासून निदान दहा-अकरा मीटर दूर न्यायचा; हलवता येत नसेल तर न जळणाऱ्या कापडाने पूर्ण झाकायचा. नळी जोडलेली आणि पाण्याने भरलेली हवी, बादली नव्हे. राखणदाराने फक्त राखण करायची, पत्रा धरून मदतनीस व्हायचं नाही. काम संपल्यावर निदान अर्धा तास तिथून हलायचं नाही. आणि दालनातून बाहेर इशारा कसा द्यायचा हे कटर पेटवण्याआधी करून बघायचं.

इथे जहाजावरची इशारायंत्रणा रूपांतराच्या कामात बंद केलेली होती आणि शहराच्या अग्निशमन दलाशी असलेली थेट तार तोडलेली होती. जहाजाचे पंप थंड होते. नळांची फ्रेंच तोंडं बदलून अमेरिकी बसवण्याचं काम अर्ध्यावर होतं, म्हणून शहराच्या नळ्या कित्येक तोंडांना बसेनात. (दोन मापांमधला जोडतुकडा ही पिशवीत मावणारी वस्तू आहे. ठरलेल्या मापाचा असा तुकडा आज मोठ्या जहाजांवर ठेवावाच लागतो.) बंब पोहोचेपर्यंत सुमारे पाव तास गेला. व्हार्निश केलेलं लाकूड अजून काढलेलं नव्हतं. वायव्येचा जोरदार वारा जहाजाच्या मागच्या डाव्या अंगाने शिरत होता आणि आग पुढे लोटत होता. तासाभरात वरचे तीन मजले पेटले. धुराने खालची माणसं बाहेर पडली, वीज गेली. पुढचं सगळं अंधारात झालं.

एक माणूस दगावला. नौदल व तटरक्षक दलाचे 94, अग्निशमन दलाचे 38 आणि 153 नागरिक अशा 285 जणांवर भाजणं, गुदमरणं, थंडी यांसाठी उपचार करावे लागले. एवढ्या माणसांच्या गर्दीत एकच बळी गेला, याचं श्रेय बाहेर काढणाऱ्यांना आहे.

पाणी कुठे गेलं

जहाजाचं नाळेकडचं टोक शहराकडे होतं. उजवी बाजू धक्का 88 ला टेकलेली, डावी बाजू मोकळ्या पाण्याकडे. धक्क्यावरून बंब मारा करत होते आणि मोकळ्या बाजूने अग्निशमन बोटी. एकूण सुमारे 6,000 टन पाणी जहाजावर पडलं, त्यात मोठा वाटा डाव्या बाजूचा.

6,000 टन म्हणजे किती वेळाचं काम? न्यूयॉर्कच्या ताफ्यातली 'फायर फायटर' ही 1938 ची बोट पूर्ण क्षमतेने मिनिटाला 20,000 गॅलन पाणी फेकायची. अमेरिकी गॅलनच्या हिशेबाने हे मिनिटाला सुमारे 75 टन, तासाला साडेचार हजार. ही एकच बोट पूर्ण जोराने चालली तरी दीड तासाच्या आत 6,000 टन होतात. आग विझवणारा माणूस पाणी गॅलनमध्ये मोजतो आणि दाबाकडे बघतो. जहाज सांभाळणाऱ्याने तेच पाणी टनांत आणि कोणत्या मजल्यावर, कोणत्या कडेला, असं मोजायचं असतं. धक्क्यावर पहिला हिशेब करणारे पुष्कळ होते, दुसरा करणारं कुणी नव्हतं.

थोडं यंत्रशास्त्र. जहाज जरासं कललं की त्याला परत सरळ करणारा जोर एका अंतरावर ठरतो: गुरुत्वमध्याच्या वर मेटासेंटर (कललेल्या जहाजाला वर रेटणारा पाण्याचा जोर मध्यरेषेला जिथे छेदतो तो बिंदू) किती आहे. याला जीएम म्हणतात. जीएम एक मीटर असेल तर जहाज शहाण्यासारखं परत येतं, शून्यावर गेलं तर कलेल तिथेच राहतं, उणे झालं तर स्वतःहून आणखी कलतं. वरच्या मजल्यावर पडलेलं पाणी यावर तीन घाव घालतं. गुरुत्वमध्य वर जातो. पाणी मोकळं असल्याने कललेल्या बाजूला धावतं. आणि कल वाढून कुशीतली उघडी भोकं पाण्याखाली गेली की नदीच आत येते.

दुसरा घाव लोकांना सगळ्यात कमी कळतो, म्हणून आकड्यांत मांडतो. हे आकडे 'नॉर्मंडी'चे मोजलेले नाहीत. समजण्यासाठी तशाच आकाराचं एक जहाज घेऊ: विस्थापन, म्हणजे जहाजाचं एकूण वजन, 60,000 टन, जीएम एक मीटर. त्याच्या एका मजल्यावर 60 मीटर लांब, 30 मीटर रुंद, मध्ये भिंत नसलेली जागा आहे आणि तिथे घोट्याच्या वर, 30 सेंटिमीटर पाणी साचलंय. ते 540 घनमीटर, सुमारे 550 टन. विस्थापनाच्या एक टक्कासुद्धा नाही.

जहाज 5 अंश कललं. 30 मीटर रुंदीत 5 अंशांचा उतार म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अडीच मीटरहून जास्त फरक. पाणी फक्त 30 सेंटिमीटर आहे, तेव्हा ते सगळंच्या सगळं खालच्या कडेला गोळा होतं आणि सुमारे 14.3 मीटर रुंदीची पाचर बनतं. तिचा मध्य जहाजाच्या मध्यरेषेपासून सुमारे 10.2 मीटर. कलवणारा जोर 550 गुणिले 10.2, म्हणजे साधारण 5,600 टन-मीटर. आणि त्याच 5 अंशांवर जहाजाला सरळ करणारा जोर 60,000 गुणिले 1 गुणिले 0.087, म्हणजे 5,200 टन-मीटर. घोट्याएवढं पाणी जिंकलं. एकाच मजल्यावरचं. 6,000 टन म्हणजे असे जवळपास अकरा मजले.

त्याच जागेत लांबीच्या दिशेने मधोमध एक भिंत घातली तर? खोल पाण्याच्या बाबतीत मोकळ्या पृष्ठभागाचा परिणाम लांबी गुणिले रुंदीचा घन भागिले 12 या मापाने जातो. रुंदी निम्मी झाली की प्रत्येक भागाचा परिणाम आठवा हिस्सा, दोन्ही मिळून चौथाई. एका भिंतीने तीन चतुर्थांश धोका जातो. म्हणून तेलवाहू जहाजांच्या टाक्यांना उभ्या भिंती असतात. 'नॉर्मंडी'चं सौंदर्यच अशा भिंती नसण्यात होतं.

साचलेलं पाणी बाहेर का गेलं नाही हा स्वाभाविक प्रश्न आहे. उघड्या डेकवरचं पाणी कडेच्या स्कपरमधून (निचऱ्याच्या भोकांतून) वाहून जातं, पण आतल्या दालनांना असे निचरे नसतात. तिथे समुद्राचं पाणी यावं अशी कल्पनाच नसते. जिथे निचरे असतात, तिथे अर्धवट जळालेली जाकिटं, गोणपाट, राख आणि कोळसा अडकतो. असं पाणी काढायचं तर कललेल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या बऱ्यापैकी वर, कवच कापून भोकं पाडावी लागतात किंवा पाणी जिन्यांतून मुद्दाम खाली, सर्वांत तळाच्या कप्प्यांत सोडावं लागतं. तळाशी गेलेलं पाणी वजन म्हणून राहतं, पण गुरुत्वमध्य खाली आणतं. हा उपाय कागदावर सोपा दिसतो. धुराने भरलेल्या, दिवे गेलेल्या, अनोळखी जहाजात तो करायला व्हॉल्व्हचा नकाशा हातात असलेला माणूस लागतो.

संध्याकाळी कल वाढायला लागला तेव्हा उलट्या बाजूला पाणी भरून तोल साधायचा प्रयत्न झाला. पण डाव्या कुशीतली उघडी दारं आणि गोल खिडक्या पाण्याखाली जाऊ लागल्या होत्या. एकीकडून नळीने भरायचं आणि दुसरीकडून नदी शिरतेय, ही शर्यत नळीने जिंकता येत नाही. शिवाय जीएम उणे झाल्यामुळे कललेल्या जहाजात उलट बाजूला भरणं धोक्याचं असतं. ते जहाज मध्ये थांबत नाही, झोका घेऊन दुसऱ्या अंगावर आणखी जोरात जातं. कल कशामुळे आहे, एका बाजूच्या वजनामुळे की उणे जीएममुळे, हे आधी ओळखायचं. उणे जीएम असेल तर पहिलं काम वरचं पाणी कमी करणं आणि तळ जड करणं. मध्यरात्रीनंतर थोड्या वेळाने तिसऱ्या नौदल जिल्ह्याचे प्रमुख रिअर ॲडमिरल ॲडॉल्फस अँड्र्यूज यांनी जहाज सोडण्याचा हुकूम दिला.

नाकारलेला उपाय

युर्केविच तेव्हा न्यूयॉर्कमध्येच राहत होते. बातमी कळताच ते धक्क्यावर आले. त्यांचं म्हणणं साधं होतं: आत जाऊन तळाचे समुद्र-व्हॉल्व्ह उघडू द्या. जहाजाच्या तळाखाली पाणी थोडंच आहे. तळाचे कप्पे भरले की ते काही फूट खाली बसेल, गाळावर सरळ टेकेल, आणि मग वरून कितीही पाणी मारा. आग विझल्यावर व्हॉल्व्ह बंद करून उपसा, जहाज परत तरंगेल. त्यांना आत जाऊ दिलं नाही.

या उपायाला आंधळेपणाने होकार देऊ नये, कारण त्यातही एक कठीण टप्पा आहे. तरंगतं जहाज जमिनीला नुकतं टेकतं, तेव्हा खालून मिळणारा आधार म्हणजे तळाशी असलेलं तेवढं वजन काढून घेतल्यासारखं असतं, आणि जीएम काही काळ कमी होतो. कोरड्या गोदीत जहाज ठोकळ्यांवर बसतानाही हाच क्षण नाजूक असतो. नदीचा तळ सपाट नसेल, एखाद्या टोकाखाली खडक असेल, तर प्रश्न वाढतो. म्हणून बसवायचं ते कल चार-पाच अंशांच्या आत असतानाच. आधी मधल्या रेषेवरचे दुहेरी तळातले (तळाच्या दोन थरांमधले) कप्पे काठोकाठ भरायचे, अर्धे नाहीत, कारण अर्धी टाकी म्हणजे आणखी एक मोकळा पृष्ठभाग. मग दोन्ही बाजूंचे कप्पे जोडीने. नदीच्या बाजूची सगळी दारं-खिडक्या आधी बंद करायच्या. एकदा सपाट तळ रुंदीभर मऊ गाळात बसला की उलटायला जहाजाला तळाच्या काठावरून फिरावं लागतं, आणि त्याला फार मोठा जोर लागतो.

हे दुपारी चारला करता आलं असतं. सहाला बहुधा आलं असतं. मध्यरात्री नाही. आमच्या मते या प्रकरणातली निर्णायक चूक ठिणगीची नसून या दोन-तीन तासांची आहे. तोवर कुणीही उघडपणे असं ठरवायला तयार नव्हतं की युद्धाच्या ऐन धामधुमीत आपण आपलंच जहाज बुडवतोय. बुडवणं आणि बसवणं यातला फरक एरवी प्रत्येक खलाशाला कळतो. त्या धक्क्यावर, वर्तमानपत्रांच्या नजरेसमोर, तो सांगायला धैर्य लागलं असतं.

घातपाताची कुजबुज लगेच सुरू झाली आणि वर्षानुवर्षं टिकली. नौदलाच्या आणि संसदेच्या चौकशीत निष्काळजीपणा, विस्कळीत जबाबदारी आणि घाई हेच निघालं.

उचलणं

आडवं जहाज उपसून सरळ करणं हे त्या काळातलं सगळ्यात खर्चिक उचलकाम ठरलं. आधी तिन्ही धुराडी, डोलकाठ्या आणि वरचे मजले कापून काढले, हजारो टन पोलाद. पाणबुड्यांनी गढूळ पाण्यात, हाताने चाचपत, गाळात दबलेल्या बाजूच्या शेकडो गोल खिडक्या आणि दारं बंद केली. आतला गाळ उपसला. मग कवचाच्या आत आडव्या भिंती घालून त्याचे स्वतंत्र कप्पे केले. असं का, याचं उत्तर वरच्या गणितातच आहे: सलग जागेतून पाणी उपसलं तर उरलेलं पाणी कल बदलेल तसं धावतं आणि जहाज झटका खातं. कप्पे केल्यावर प्रत्येकातली पातळी ठरवून उतरवता येते.

त्याच काळात पर्ल हार्बरला 'ओक्लाहोमा' ही युद्धनौका किनाऱ्यावरच्या 21 विंचांनी ओढून, मार्च ते जून 1943 मध्ये फिरवली गेली. 'लाफायेत'चा आकार पाहता ओढणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे भर नियंत्रित उपशावर. ऑगस्ट 1943 मध्ये पंप सुरू झाले. कोन अंशाअंशाने कमी होत गेला आणि वर्ष संपायच्या आत ते कोरड्या गोदीत पोहोचलं. नौदलाने या कामाभोवती धक्का 88 वरच उचलकामाची शाळा चालवली. तिथे तयार झालेले पाणबुडे पुढे युद्धभर बंदरं मोकळी करत होते.

जहाज मात्र वाचलं नाही. कवच वाकलं होतं, यंत्रं पाण्यात गंजली होती, आणि गोद्यांना त्याहून तातडीची कामं होती. ऑक्टोबर 1945 मध्ये नौदलाच्या यादीतून नाव गेलं. ते छाटून मध्यम आकाराचं करावं हा युर्केविच यांचा प्रस्तावही कुणी उचलला नाही. ऑक्टोबर 1946 मध्ये 1,61,680 डॉलरना ते भंगारात गेलं आणि 1948 संपेपर्यंत तोडून झालं.

हेच पुन्हा

जानेवारी 1953 मध्ये लिव्हरपूलच्या ग्लॅडस्टोन गोदीत 'एम्प्रेस ऑफ कॅनडा' जळालं आणि कलंडलं. जानेवारी 1972 मध्ये हाँगकाँगला रूपांतर चालू असताना जुनी 'क्वीन एलिझाबेथ' तशीच गेली. मुंबईला हे दूरचं वाटू नये. जानेवारी 2011 मध्ये 'विंध्यगिरी' या युद्धनौकेला व्यापारी जहाजाची धडक बसली, आग लागली आणि दुसऱ्या दिवशी ती नौदल गोदीतच बुडाली. 21 जुलै 2024 च्या संध्याकाळी त्याच गोदीत दुरुस्तीत असलेल्या 'ब्रह्मपुत्र' या युद्धनौकेवर आग लागली. सकाळपर्यंत ती विझली. दुपारी नौका डावीकडे कलू लागली आणि कुशीवर जाऊन टेकली. एक नौसैनिक गेला. तिथे नेमकं काय झालं यावर इथे निष्कर्ष काढत नाही, पण घटनांचा क्रम बघा: दुरुस्ती, आग, विझणं, काही तासांनी डावा कल.

दुरुस्तीतल्या जहाजावर पाण्याचा हिशेब ठेवायला वेगळा माणूस नेमावा आणि त्याला पंप थांबवायचा अधिकार द्यावा. त्याच्याकडे लागतं ते थोडं: त्या दिवशीच्या टाक्यांच्या पातळ्या, उघड्या दारांची यादी, दोन ठिकाणी टांगलेला ओळंबा, दर दहा मिनिटांनी लिहिलेला कल, आणि चालू नळ्यांची संख्या. कल वाढण्याचा वेग वाढतोय हे आकड्यांच्या रकान्यात डोळ्याच्या आधी दिसतं.

ल आव्रच्या बंदरात 'पॅरिस'चा सांगाडा युद्धभर आडवाच पडून होता. युद्धानंतर जर्मनीचं 'युरोपा' हे मोठं जहाज फ्रान्सला भरपाईत मिळालं, त्याचं नाव 'लिबर्ते' ठेवलं. डिसेंबर 1946 मध्ये वादळात त्याचे दोर तुटले, ते 'पॅरिस'वर जाऊन आदळलं आणि कुशीला मोठं भगदाड पडून बुडालं. पण सरळ, तळावर बसून. पुढच्या वसंतात ते उपसून वर काढलं. 1950 पासून 1961 पर्यंत ते 'नॉर्मंडी'च्याच मार्गावर, ल आव्र ते न्यूयॉर्क, प्रवासी नेत होतं.